मध्यम बजेटमध्ये टिकणारा लॅपटॉप: सेकंडहँड थिंकपॅड टी१४ जेन १ (एएमडी) वापरून झालेलं मत

आधी निकाल सांगते, मग कारणं. बजेट मध्यम असेल, म्हणजे दुकानातल्या सगळ्यात स्वस्त मशीनच्या वर आणि गेमिंग लॅपटॉपच्या बरंच खाली, आणि त्यावर रोजचं कामाचं काम करायचं असेल, तर नव्या कोऱ्या स्वस्त मॉडेलपेक्षा ऑफिसात तीनचार वर्षं वापरून बाहेर आलेला बिझनेस लॅपटॉप नीट तपासून घ्यावा असं माझं ठाम मत आहे. मी लेनोवोचा थिंकपॅड टी१४ जेन १ (म्हणजे या मॉडेलची पहिली पिढी) वापरते, एएमडी कंपनीच्या प्रोसेसरवाला, प्रोसेसरचं नाव रायझन ५ प्रो ४६५०यू. माझं काम म्हणजे दिवसभर लिखाण, मोठमोठ्या एक्सेल शीट्स, ब्राउझरमध्ये न संपणारे टॅब आणि मधेमधे व्हिडिओ कॉल. एवढ्यासाठी हा लॅपटॉप पुरून उरतो आणि मुख्य म्हणजे उद्या यातलं काही बिघडलं तर ते सुटं काढून बदलता येईल याची खात्री आहे, जी मला बाकी कुठल्याही गोष्टीपेक्षा महत्त्वाची वाटते.

बिझनेस लॅपटॉप म्हणजे नक्की काय ते आधी सांगते कारण नुसतं रंगरूप बघून कळत नाही. प्रत्येक मोठ्या कंपनीच्या दोन वेगळ्या लाइन्स असतात, एक घरगुती गिऱ्हाइकासाठी आणि एक कंपन्यांना शेकड्याने विकायची. लेनोवोची थिंकपॅड टी सिरीज (थिंकपॅड हे नाव मुळात आयबीएमचं, १९९२ पासूनचं, २००५ मध्ये आयबीएमचा पीसीचा धंदा लेनोवोने घेतला), डेलची लॅटिट्यूड, एचपीची एलिटबुक आणि प्रोबुक, या दुसऱ्या प्रकारातल्या. आता कंपनीने हजार लॅपटॉप घेतले की त्यांना तीन वर्षांची वॉरंटी लागते, टेक्निशियन जागेवर येऊन अर्ध्या तासात पार्ट बदलून गेला पाहिजे असं त्यांचं म्हणणं असतं, म्हणून ही मशीन्स उघडायला सोपी बनवतात, पार्ट्स वर्षानुवर्षं मिळतात, आणि कुठला स्क्रू कुठून काढायचा याचं सर्व्हिस मॅन्युअल कंपनीच्या साइटवर फुकट असतं, कोणीही डाउनलोड करावं. मग तीनचार वर्षांनी लीज (भाडेकरार) संपली की हीच मशीन्स एकदम बाजारात येतात आणि किंमत धाडकन खाली येते. मशीन तेच, फक्त कंपनीच्या हिशोबात ते जुनं झालेलं. आपला फायदा तिथेच आहे.

आता हिंजबद्दल, म्हणजे झाकणाच्या बिजागरीबद्दल, थोडं सविस्तर बोलते, कारण स्वस्त लॅपटॉप बहुतेक वेळा प्रोसेसर जुना झाला म्हणून नाही तर हिंज तुटलं म्हणून मरतो. घरगुती स्वस्त मॉडेलमध्ये हिंजचे स्क्रू पितळेच्या बारक्या नटांमध्ये जातात आणि ते नट प्लॅस्टिकच्या बॉडीत गरम करून दाबून बसवलेले असतात. हिंज नवीन असताना घट्ट असतं, झाकण दरवेळी एका कोपऱ्याला धरून उघडलं की सगळा जोर त्या प्लॅस्टिकवर येतो, हळूहळू त्याला चीर जाते आणि एक दिवस नट उपटून बाहेर. मग झाकण उघडताना स्क्रीनची कड फाकते, आतली स्क्रीनची केबल ताणली जाते, आणि दुरुस्तीवाला म्हणतो अख्खी बॉडी बदलावी लागेल. माझ्या आधीच्या लॅपटॉपचं (कंपनीचं नाव राहू दे) अगदी हेच झालं, आतला प्रोसेसर, एसएसडी (फाइल्स साठवायची ड्राइव्ह) सगळं ठणठणीत होतं. टी१४ चं झाकण मी एका हाताने उघडते, खालचा भाग टेबलावरून उचलला जात नाही, आणि बाजूने बघितलं तर कड कुठेही फाकत नाही. तुम्ही कुठलाही लॅपटॉप बघायला गेलात, नवा किंवा जुना, तर झाकण मधोमध धरून आणि मग कोपऱ्याला धरून असं दोन्ही पद्धतीने सावकाश उघडून बघा, कटकट आवाज आला किंवा कड उघडली तर तिथूनच परत फिरा.

प्रोसेसरच्या नावाचा गोंधळ आहे तो समजून घेतला तर बरेच पैसे वाचतात. रायझन ५ ७५२०यू असं नाव बघितलं की वाटतं ७००० सिरीज, एकदम नवीन. पण एएमडीच्या त्या ७००० वाल्या नावांमध्ये (जुन्या ४००० वाल्यांना हे लागू नाही) तिसरा आकडा खरा बोलतो, तो आतल्या डिझाइनची पिढी सांगतो. ७५२०यू मध्ये तिसरा आकडा २, म्हणजे झेन २, जे डिझाइन २०१९ चं आहे, आणि कोअर (प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग) चारच. माझ्या २०२० सालच्या ४६५०यू मध्येही झेन २ च आहे पण कोअर सहा आणि थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) बारा. म्हणजे एकाच पिढीचं डिझाइन, नव्या डब्यातल्या चिपमध्ये कोअर कमी, आणि त्या ७५२०यू बरोबर रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी) कायम सोल्डर केलेली, म्हणजे बोर्डवर डाख देऊन पक्की बसवलेली येते, नंतर वाढवायचा प्रश्नच नाही. तेच ७५३०यू असेल तर झेन ३ आणि सहा कोअर, ती चांगली चिप आहे. नावात फरक एका आकड्याचा आणि मशीनमध्ये केवढा! इंटेलमध्येही तसंच, आय५ १२३५यू ला दहा कोअर लिहितात पण त्यातले दोनच मोठे आणि आठ छोटे (तरी ऑफिस कामाला ती उत्तम चिप आहे, गैरसमज नको). एन१०० वगैरे एन वाल्या चिप्समध्ये मात्र नुसतेच छोटे कोअर असतात, त्या शाळेच्या अभ्यासाला, सिनेमा बघायला ठीक, पाचसहा वर्षं काम काढायला मी त्या घेणार नाही. आणि आय३, आय५, आय७ यावरून तर काहीच ठरवू नका, दहा वर्षांपूर्वीचा आय७ आजच्या साध्या आय३ पुढे टिकत नाही.

विंडोजचा मुद्दा सेकंडहँड घेताना फार मोठा आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची चिप) लागतं आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीतला प्रोसेसर लागतो, म्हणजे ढोबळमानाने इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची. सहाव्या सातव्या पिढीचे लॅपटॉप त्यामुळे खूप स्वस्तात दिसतात आणि विकणारा त्यावर काहीतरी युक्ती करून विंडोज ११ टाकूनही देतो, पण अपडेटचा भरवसा राहत नाही. ज्यांना लिनक्स चालवायचंय त्यांनी खुशाल घ्यावेत, बाकीच्यांनी आठव्या पिढीच्या खाली जाऊ नये, आणि खरं तर आता घेत असाल तर दहाव्या अकराव्याच्या आसपास बघा म्हणजे जरा श्वास घ्यायला जागा राहील. ४६५०यू यादीत आहे, माझ्याकडे ११ व्यवस्थित चालतं, अपडेट्स वेळेवर येतात.

रॅम. टी१४ जेन १ मध्ये काही रॅम बोर्डवर सोल्डर असते, ८ किंवा १६ जीबी, आणि वर एक स्लॉट (रॅमची स्टिक खोचायची जागा) मोकळा. माझ्याकडे ८ सोल्डर आहे आणि स्लॉटमध्ये ८ ची स्टिक, एकूण १६, आणि दोन्ही मिळून ड्युअल चॅनेल होतं (दोन रस्त्यांनी एकदम काम चालतं), ज्याचा फायदा बिल्ट-इन ग्राफिक्सला सरळ होतो कारण त्याला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच घेतं. हे इंटेलमध्ये तर अजून गमतीशीर आहे, आयरिस एक्सई (इंटेलचं चांगलं बिल्ट-इन ग्राफिक्स) लिहिलेल्या लॅपटॉपमध्ये एकच रॅमची स्टिक असेल तर विंडोजमध्ये ते नुसतं यूएचडी ग्राफिक्स म्हणून दिसतं, दुसरी स्टिक टाकली की आयरिस एक्सई. आज ८ जीबीमध्ये काम भागतं का? भागतं, पण ब्राउझर आणि व्हिडिओ कॉल एकत्र चालू केलं की मशीन एसएसडीवर लिहायला लागतं आणि सगळं जड होतं, त्यामुळे १६ घ्या, किंवा ८ घ्या पण स्लॉट आहे याची खात्री करून घ्या. टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक केलं की किती स्लॉट वापरलेत ते दिसतं, फक्त कधीकधी सोल्डर रॅमही त्यात स्लॉट म्हणून मोजली जाते. एक सावधगिरी, टी१४ आणि टी१४एस ही वेगळी मशीन्स आहेत. एस वालं बारीक आणि हलकं आहे पण त्यात सगळी रॅम सोल्डर, स्लॉटच नाही. ऑनलाइन जाहिरातींमध्ये दोन्ही सर्रास एकाच नावाने टाकतात.

एसएसडी साधी एम.२ एनव्हीएमई (हल्लीची पट्टीसारखी वेगवान ड्राइव्ह), एक कव्हर उघडलं की समोर, एक स्क्रू काढला की हातात. (५१२ लिहिलंय आणि विंडोज ४७६ दाखवतं म्हणून कोणी घाबरू नका, मोजायची पद्धत वेगळी आहे, फसवणूक नाही.) नवीन स्वस्त लॅपटॉपमध्ये मात्र एसएसडीच्या जागी ईएमएमसी असं लिहिलेलं दिसलं तर अजिबात घेऊ नका, ती बोर्डवर चिकटवलेली असते, हळू असते आणि बदलता येत नाही.

कीबोर्डबद्दल मी तासभर बोलू शकते. रोज हजारो शब्द टाइप करणाऱ्या माणसाला बोटांखाली काय आहे याने फार फरक पडतो आणि या कीबोर्डवर बोटं दुखत नाहीत, की दाबली की नीट खाली जाते, नीट वर येते, कडेला दाबली तरी डुगडुगत नाही. कीबोर्डच्या मधला लाल ट्रॅकपॉइंट (कर्सर हलवायचं बारीक बटण) सुरुवातीला मला नकोसा वाटायचा, आता लिहिताना हात न उचलता कर्सर हलवता येतो म्हणून तोच वापरते. डाव्या कोपऱ्यात एफएन आहे आणि कंट्रोल त्याच्या शेजारी, म्हणजे बाकी लॅपटॉपच्या उलट, कॉपी पेस्ट करताना चिडचिड होते पण बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये) जाऊन दोन्हींची अदलाबदल करता येते. आणि कीबोर्ड खराब झालाच तर तेवढा वेगळा बदलता येतो, स्वस्त मॉडेलमध्ये तो बहुतेक वेळा वरच्या बॉडीला प्लॅस्टिक वितळवून कायमचा जोडलेला असतो, एक की गेली तरी अख्खं वरचं कव्हर बदला.

स्क्रीन ही या मॉडेलची कमकुवत बाजू आणि ती लपवण्यात अर्थ नाही. बेसिक फुल एचडी पॅनल २५० निट्सचं (निट्स म्हणजे उजेडाचं माप) आणि ४५ टक्के एनटीएससी रंगांचं (रंग किती दाखवतं त्याचं माप) आहे, म्हणजे खोलीत, दिव्याखाली लिहायला वाचायला छान, खिडकीजवळ उन्हात बसलं की डोळे ताणावे लागतात, आणि फोटोंचे रंग फिके दिसतात. फोटो, डिझाइनचं काम असेल तर हे पॅनल चालणार नाही, १०० टक्के एसआरजीबी (रंगांचंच दुसरं माप) लिहिलेलंच बघा. याच मॉडेलमध्ये ४०० निट्सचं लो पॉवर पॅनलही येत होतं, ते मिळालं तर थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही कारण बॅटरीही कमी खातं. आणि जुने बिझनेस लॅपटॉप बघताना १३६६ बाय ७६८ ची स्क्रीन असलेले पण खूप निघतात, ते कितीही स्वस्त असले तरी नको, एक्सेलमध्ये चार कॉलम दिसत नाहीत. कॅमेरा ७२०पी, कॉलमध्ये चेहरा ओळखू येतो इतपत. स्पीकर ठीकठाक, हेडफोन वापरा.

बॅटरी ५० वॉट-अवरची आहे, पण जुन्या लॅपटॉपमध्ये छापील आकड्याला अर्थ नसतो, आत्ता किती उरलीय ते बघायचं. त्यासाठी काही इन्स्टॉल करायला लागत नाही. कमांड प्रॉम्प्ट उघडायचा, पॉवरसीएफजी लिहायचं, एक स्पेस, मग स्लॅश आणि जोडून बॅटरीरिपोर्ट (powercfg /batteryreport), एंटर, की एक फाइल तयार होते. त्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी असे दोन आकडे असतात. पहिला ५० हजाराच्या आसपास आणि दुसरा ४० हजार असेल तर उत्तम, ३५ च्या खाली गेला असेल तर नव्या बॅटरीची किंमत मनात धरूनच भाव करा. बदलायला अवघड नाही, ती आत स्क्रूने बसवलेली आहे, चिकटवलेली नाही. आता माझी दिवसभर चार्जरला लावलेली असते म्हणून मी लेनोवो व्हँटेज या कंपनीच्याच अ‍ॅपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवून ठेवलंय, कारण लिथियम बॅटरी सतत १०० वर आणि गरम राहिली की लवकर म्हातारी होते. आणि कृपा करून हे लक्षात ठेवा, ट्रॅकपॅड वर उचलल्यासारखा वाटतोय, क्लिक होत नाहीये, किंवा लॅपटॉप सपाट टेबलावर डुगडुगतोय, तर आत बॅटरी फुगलेली असू शकते. तसा लॅपटॉप घ्यायचा नाही, आणि आपल्याच घरातल्या लॅपटॉपला तसं झालं तर वापर लगेच बंद करून बॅटरी काढून घ्यायची, हे लांबवून चालत नाही.

चार्जिंग टाईप सी वरून होतं, ६५ वॉट, फोनचा दणकट पीडी (टाईप सी वरून जास्त पॉवर देणारा) चार्जर असला तरी अडचणीला चालतो. पण टाईप सी पोर्ट मदरबोर्डवरच सोल्डर असतो, त्यामुळे केबल लावून हलकेच हलवून बघा, चार्जिंग तुटलं तर पोर्ट सैल झालाय आणि ते काम महागात जातं. दोन्ही टाईप सी पोर्टमधून चार्ज होतोय का बघा.

आता एक गोष्ट जी बहुतेक लोक तपासतच नाहीत. हे लॅपटॉप कंपनीतून आलेले असतात, त्यामुळे बायोसला पासवर्ड असू शकतो. लॅपटॉप चालू तर होतो, विंडोजही दिसतं, म्हणून विकताना कळत नाही, पण नंतर बायोसमध्ये काही बदलायला गेलं की दार बंद, आणि थिंकपॅडचा सुपरवायझर पासवर्ड बॅटरी काढून वगैरे जात नाही. म्हणून मशीन बंद करून चालू करा, एफ१ दाबून बायोसमध्ये शिरा, पासवर्ड मागितला तर नको. दुसरं म्हणजे कंपनीने मशीन आपल्या नावावर ऑनलाइन नोंदवलेलं असू शकतं. विंडोज नव्याने टाकलं आणि इंटरनेट जोडलं की त्या कंपनीचं नाव येऊन लॉगिन मागतं. विकणाऱ्याने ऑफलाइन सेटअप करून दिलेला असेल तर हे महिन्यांनी, तुम्ही पहिल्यांदा फॉरमॅट कराल तेव्हा कळतं. त्यामुळे त्याच्यासमोर रिसेट करून, वायफाय जोडून सेटअप पूर्ण करायला सांगा, वेळ लागतो, पण सरळ माणूस नाही म्हणत नाही. ते होईपर्यंत सगळ्या कीज दाबून बघा, स्क्रीनवर पूर्ण पांढरा आणि पूर्ण काळा रंग लावून डाग बघा, आणि क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट प्रोग्राम चालवून एसएसडीची हेल्थ आणि किती तास चाललीय ते बघा. मग वीसेक मिनिटं काहीतरी जड चालवा, सिनेबेंच (प्रोसेसरला ताण देऊन तपासणारं प्रोग्राम) लूपवर टाकलं तरी पुरे, आणि पंख्याचा आवाज ऐका. सळसळ हवेचा आवाज ठीक, घरघर किंवा टकटक म्हणजे पंखा जातोय. पंखा आणि थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर न्यायला लावतात ती) बदलता येतात, काही फार मोठं काम नाही, पण भाव करताना ते सांगायचं.

कोणी हा घेऊ नये? गेम खेळायचे असतील, थ्रीडी, मोठे व्हिडिओ एडिटिंग असेल तर वेगळं ग्राफिक्स कार्ड लागेल, इथे बघूच नका. पूर्ण दिवस चार्जरशिवाय बाहेर फिरायचं असेल आणि काम मॅकवर चालत असेल तर २०२० चा एम१ मॅकबुक एअर जुना घेतलेला बरा, त्याला पंखाच नाही आणि बॅटरी खरंच चालते, पण रॅम आणि स्टोरेज दोन्ही बोर्डवर असल्याने जे घ्याल तेच शेवटपर्यंत. आणि ज्यांना हे सगळं तपासायला वेळ नाही, जवळचं कोणी जाणकार नाही, घरात वयस्कर माणसासाठी घ्यायचाय, त्यांनी नवीनच घ्यावा आणि वॉरंटी वाढवून घ्यावी, त्यात कमीपणा काही नाही. फक्त तेव्हा सुद्धा घरगुती चकचकीत लाइनऐवजी त्याच कंपनीची साधी बिझनेस लाइन विचारा, थिंकबुक, प्रोबुकसारखी, दिसायला साध्या असतात म्हणून दुकानात पुढे मांडलेल्या नसतात, विचारलं की काढून दाखवतात. रॅमचा एक तरी स्लॉट, आयपीएस स्क्रीन (बाजूने बघितलं तरी रंग नीट दिसणारी), टाईप सी चार्जिंग आणि प्रोसेसरचं पूर्ण नाव, एवढं बिलावर लिहून घ्या.

टी१४ घेणारच असाल तर माझ्या मते १६ जीबी सोल्डर असलेला शोधा, स्लॉट रिकामा असला तरी चालेल, नंतर त्यात १६ टाकून ३२ होतात आणि मग रॅमची काळजी संपली. तो मिळत नसेल तर ८ अधिक ८ वाला घ्या. ४ अधिक काही असं कोणी सांगितलं तर ते हे मॉडेल नाही, खालचं लेबल वाचा.